शेवटच्या फेरीत मागे

३ जानेवारी

कोप, ६२ किलो १००.

वही माझ्या नवऱ्याची आहे; तालमीत सगळे त्याला वस्ताद म्हणायचे. डाव्या बाजूला वजन, उजव्या बाजूला मल्ल किती पळाला, किती लाथा मारल्या. शेवटची नोंद २३ सप्टेंबरची आहे: "कोप ६१.४००. डावी लाथ उशिरा येते." त्यानंतर पान कोरं. २४ तारखेला तो अंगणात पाय धूत असताना पडला, आणि वहीत लिहिणारं कोणी राहिलं नाही.

काल शंभराव्या दिवसाचा विधी झाला. नऊ भिक्खू जेवून गेले. सगळ्या यासोथोनमधून माणसं आली होती. चिकट भात दोनदा शिजवावा लागला. आज सकाळी आमचा मल्ल कोप नेहमीसारखा काट्यावर उभा राहिला आणि आकडा सांगून थांबला. कोणीतरी लिहायला हवं म्हणून मी लिहिलं.

लोक विचारतात कशी आहेस. मी बरी आहे म्हणते. मला काही वाटत नाही, हे खरं उत्तर आहे, पण ते दारात उभं राहून कोणाला सांगणार.

६ जानेवारी

कोप, ६१.९००. आठ किलोमीटर.

थाई बॉक्सिंगच्या आमच्या तालमीत एके काळी अकरा मल्ल होते. आता कोप एकटा. बाकीचे एकेक करून दुसऱ्या तालमींत गेले, रागाने नाही, हात जोडून, फळांची टोपली ठेवून गेले. कोप तेराव्या वर्षी आला, आता चोवीसचा आहे. त्याचे पॅड थोंगदीदादा धरतात. ते वस्तादांचे चुलतभाऊ, साठीचे, दोन्ही गुडघे गेलेले. कोपची लाथ पॅडवर बसली की दोघांच्याही तोंडून आवाज येतो.

मी रिंगणाच्या भोवती झाडलं. रिंगणावर नाही. ते मल्लांनीच पुसायचं. चबुतऱ्याखाली मंतरलेली यंत्रं पुरलेली आहेत, बाईचा पाय लागला की त्यांची शक्ती उतरते म्हणे. सव्वीस वर्षं मी भोवतीनेच झाडत आले. आता आत पाऊल टाकलं तर बघायला कोणी नाही, पण केरसुणी आपोआप कडेला थांबते.

९ जानेवारी

वजन लिहायचं राहिलं.

नोपचा फोन आला. तो बँकॉकमध्ये लढती ठरवतो, आमच्या घरी कितीदा जेवून गेलेला माणूस. म्हणाला, "वहिनी, जुन्या पद्धतीत आता कोपला जोडी मिळत नाही. पाच फेऱ्या बघायला बसतंय कोण? तीन फेऱ्यांची लढत आहे, ८ फेब्रुवारीला. छोटे ग्लोव्हज, बोटं उघडी. जिंकला तर वर्षभर त्यांच्या लढतींत पक्की जागा. मग राहू दे की तो तुमच्याकडेच, तिथूनच येऊ दे लढायला."

"आणि हरला तर?"

"हरला तर माझ्या हातात काही नाही. पण बँकॉकची एक मोठी तालीम त्याला मागतेय. आधी सांगून ठेवतो, नंतर म्हणू नका."

म्हणजे हरला तर कोप जाणार. कोप गेला की तालीम बंद. मी हे असं लिहिलं आणि पुन्हा वाचलं. भाजीची यादी वाचावी तसं वाचलं.

१० जानेवारी

कोप, ६१.८००.

थोंगदीदादांना विचारलं. ते म्हणाले, "वस्ताद असता तर नोपला फोनवरच लाथ घातली असती."

कोप पपईचं सॅलड कुटत होता. म्हणाला, "वस्ताद नाहीत दादा. मी लढतो."

"तीन फेऱ्यांत काय लढणार? पहिल्या दोन तर माणूस ओळखण्यात जातात."

"तिथे ओळख आधी करून यायची."

"हे लढणं झालं का? ही तर बाजारातली मारामारी."

"बाजारातली मारामारी तुम्ही कधी जिंकलात का, दादा?"

थोंगदीदादा बराच वेळ हसत होते. मीही हसले असेन, कारण कोपने माझ्याकडे बघितलं.

१५ जानेवारी

कोप, ६१.५००. पॅड पाच ऐवजी तीन फेऱ्या, पण जोरात.

कोपने आज मला नवे नियम समजावून सांगितले. मी विचारले नव्हते. प्रत्येक फेरीचे गुण वेगळे. पहिली फेरीही तितकीच मोलाची जितकी शेवटची. पुढे जाणाऱ्याला गुण. मागे जाणारा कितीही छान मागे जात असला तरी हरतोय असं धरतात.

"मागे जाणारा हरतोय?" मी विचारलं.

"हो काकी."

"पण जो जिंकतोय तोच तर मागे जातो. हरणाऱ्याने पाठलाग करायचा असतो."

"ते जुन्यात."

मला समजलं. समजण्यासारखंच होतं. आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या फेरीत लढत ठरते, आणि जो पुढे असतो तो पाचवीत पायाने अंतर ठेवून मागे मागे नाचतो. म्हणजे तो सगळ्यांना सांगतो की माझं काम झालं, आता तू करून दाखव. दोघांनाही कळलेलं असेल तर ग्लोव्हज टेकवून नुसते फिरतात. कोणी कोणाला उगाच दुखवत नाही. पुढच्या महिन्यात दोघांनाही पुन्हा लढायचं असतं.

२१ जानेवारी

आज तो नियम कोपने पुन्हा सांगितला. मी म्हटलं, सांगितलास की. तो म्हणाला, "पुन्हा ऐका."

आईला भेटून ये म्हटलं तर गेला नाही. सराव आहे म्हणाला.

२४ जानेवारी

कोप, ६१.२००.

लढतीच्या वेळी मल्लाच्या कोपऱ्यात दोन माणसं लागतात. एक थोंगदीदादा. दुसरा कोण, यावर जेवताना बोलणं झालं. पूर्वी वस्ताद असायचे. शेजारच्या तालमीतून कोणी आणावं तर त्यांचाही मल्ल त्याच दिवशी आहे.

कोप म्हणाला, "काकी येतील."

थोंगदीदादांचा घास हातातच राहिला. "रिंगणाला हात लावायला?"

"तिथे चालतं. तिथे बायका लढतातसुद्धा, पुरुषांसारख्याच वरच्या दोरावरून आत जातात."

"मला काय येतं कोपऱ्यातलं?" मी म्हटलं.

"पाणी द्यायचं, बर्फ लावायचा, बोलायचं."

"काय बोलायचं?"

कोपने थोंगदीदादांकडे पाहिलं. थोंगदीदादा भाताचा गोळा वळत बसले. त्या दोघांना काहीतरी माहीत असल्यासारखं वाटलं, पण मी विचारलं नाही. हल्ली मी कोणाला काही विचारत नाही, असं माझी बहीण म्हणते.

२ फेब्रुवारी

कोप, ६०.९००. घाम काढायला प्लास्टिकचा कोट.

तो भात खात नाही, तर मलाही खावासा वाटत नाही. उकडलेली अंडी दोघांनी.

मी लढती कशा बघायचे ते आज उगाच आठवलं. स्टेडियममध्ये बायकांना रिंगणाजवळ जाता येत नसे, म्हणून मी वर जाळीपलीकडे, पैजा लावणाऱ्यांच्या मागे बसायचे. ते लोक सारखे हात उंच करून बोटांनी भाव सांगत असायचे, त्यामधून बघायची सवय झाली होती. वस्तादांची जवळची नजर अधू. शिवाय कोपऱ्यातून इतक्या जवळून फक्त घाम दिसतो. वरून दोघांचे पाय दिसतात, कोणाचा श्वास आधी संपतोय ते दिसतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये वस्ताद मान वळवून वर बघायचे. मी बसलेली असले तर लढू दे. मी उभी राहिले की ते खाली वाकून मल्लाला म्हणायचे, "मागे." एवढंच. नवराबायकोत अशा खुणा असतातच.

तो फार मोठा वस्ताद होता. लढत कशी वाचावी हे त्याच्याकडून शिकावं.

७ फेब्रुवारी, बँकॉक

वजन झालं. ६०.२००, बरोबर.

दुसऱ्या बाजूचा मल्ल पाहिला, पाककोह नावाचा, खालून दक्षिणेकडून आलेला, मान जाड, हात जड. कोपला बघून हसला आणि हात जोडून वाई केली, कोपनेही केली. मग दोघांना छायाचित्रासाठी नाकाला नाक लावून रागाने बघायला सांगितलं. कोपला ते जमेना. तीनदा काढावं लागलं.

९ फेब्रुवारी, बसमध्ये

सगळं नीट लिहायला हवं. लढतीनंतर वस्ताद लिहायचे.

गुरुवंदना छोटी करायला सांगितली, दीड मिनिटात. सनई आणि ढोल होते, पण वाजवणारे दिसले नाहीत, आवाज छतातून येत होता. थोंगदीदादांनी कोपच्या डोक्यावरचं मंगल-कडं काढलं. मी पायऱ्यांपाशी उभी होते. तिथल्या मुलीने हात करून म्हटलं, "वर या, आई." तीन पायऱ्या होत्या. मी चढले आणि दोराला हात लावला. रबरी वेष्टण होतं, थोडं चिकट. काही झालं नाही. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल.

पहिली फेरी कोपची. डावी लाथ चार वेळा बरगड्यांवर, अगदी वेळेवर. पाककोह खालून ठोसे मारत राहिला, ते सगळे कोपच्या हातांवर पडले.

दुसऱ्या फेरीत पाककोह सतत पुढे आला. कोपच्या ग्लोव्हजवर, दंडावर, खांद्यावर मारत राहिला. लोक ओरडत होते. मी ते मोजलं नाही, हातावर पडलेला ठोसा कशाला मोजायचा. कोपने त्याला एकदा पायात पाय घालून स्वच्छ पाडलं. माझ्या हिशेबाने दोन्ही फेऱ्या आमच्या.

कोप स्टुलावर बसला. थोंगदीदादांनी बर्फ लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, काय?"

मी म्हटलं, "मागे."

कोपने माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. मग मान हलवली.

तिसऱ्या फेरीत तो किती सुंदर मागे गेला. पुढचा पाय टेकवून थांबवायचा, बाजूला सरायचा, दोराला पाठ लागू द्यायचा नाही. सुरुवातीला त्याने ग्लोव्हज पुढे केले, पाककोहने टेकवले नाहीत, सरळ ठोसा मारला. कोपच्या ओठाला लागला. तो तरीही मागेच. मला एवढंच वाटत होतं की झालं आता, कोणाला आणखी लागणार नाही, घरी जायचं. लोक शिट्ट्या मारत होते. ते कौतुकाने मारतायत असं मी धरलं.

पंचांनी पाककोहचा हात वर केला. तिन्ही पंचांनी त्यालाच दिलं.

तेव्हा मला कळलं. कळलं म्हणजे माहीतच होतं. दोनदा सांगितलं होतं त्याने, मी या वहीत लिहूनही ठेवलं आहे.

कोप माझ्यापुढे गुडघ्यावर बसला आणि हात जोडून पाया पडला, हरल्यावर वस्तादांच्या पडायचा तसा. आत्ता पुढच्या सीटवर झोपला आहे. ओठाला दोन टाके.

१० फेब्रुवारी

काही लिहिण्यासारखं नाही.

१४ फेब्रुवारी

सुट्टी दिली तरी कोप सकाळचं पळून आला. मी अंगणात मिरच्या निवडत होते. तो जमिनीवर येऊन बसला, मिरच्या निवडू लागला.

मी म्हटलं, "तुला नियम माहीत होता."

"हो."

"मग मी चुकीचं सांगितलं तर ऐकलंस का?"

"तिसरी फेरी सुरू होताना डोकं चालत नाही काकी. कान चालतो. अकरा वर्षं त्या वेळेला 'मागे' ऐकलं की गेलो आणि जिंकलो."

"ते वस्ताद सांगायचे."

तो निवडायचा थांबला. "वस्ताद वर बघायचे. तुम्ही उभ्या राहिलात का ते बघायचे. सगळ्या तालमीला माहीत होतं. आम्ही पैज लावायचो, काकी आज तिसऱ्यात उठतात की चौथ्यात. एकदा तुम्हाला शिंका आल्या म्हणून तुम्ही दुसऱ्यातच उठलात, आणि आपल्या त्या फोन नावाच्या पोराला बिचाऱ्याला तीन फेऱ्या मागे पळावं लागलं."

मला ती शिंक आठवली. फोन जिंकला होता.

"ते फक्त लांबून बरं दिसतं म्हणून," मी म्हटलं.

"असेल," कोप म्हणाला. देठ एका बाजूला आणि मिरच्या एका बाजूला नीट लावत होता. "पण मी ८ तारखेला तुमचं पहिल्यांदा ऐकलं असं समजू नका."

आम्ही उरलेल्या मिरच्या निवडून संपवल्या. बोटांची आग होत होती.

२० फेब्रुवारी

बँकॉकच्या तालमीचा माणूस कागद घेऊन आला. सभ्य होता, बूट बाहेर काढले, वस्तादांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. कोप आतल्या खोलीत होता, बाहेर येत नव्हता. मी त्याला हाक मारली.

तो म्हणाला, "काकी, तुम्ही नाही म्हणालात तर मी जात नाही."

ते खरं होतं. मी नाही म्हटलं असतं तर तो राहिला असता, सकाळी पळाला असता, काट्यावर उभा राहिला असता, आणि जोडी मिळत नाही म्हणून एक दिवस थांबला असता. मला ते पुढचं सगळं स्वच्छ दिसलं, दोघांचे पाय दिसावेत तसं.

"जा," मी म्हटलं.

मी सही केली. आता त्याचं रिंगणातलं नाव दाओनुआ सित्बुनलुआ राहणार नाही. सित् म्हणजे शिष्य, आणि बुनलुआ हे वस्तादांचं नाव. नवीन तालमीचं नाव लागणार. तो म्हणाला, "नाव बदलेल काकी." मी म्हटलं, आधीचं लांबच होतं, टीव्हीवर मावायचं नाही.

थोंगदीदादा मागच्या बाजूला जाऊन पॅड उन्हात टाकत बसले. त्या माणसाच्या गाडीचा आवाज गेल्यावरच पुढे आले.

२३ फेब्रुवारी

कोप गेला. फळांची टोपली ठेवून गेला.

वजन नाही.

२ मार्च

ऊन वाढलं आहे. थोंगदीदादा रोज येतात आणि पॅड लावून बसतात. लाथ मारायला कोणी नाही तरी लावतात.

आज रिंगणावर केर दिसला, बदामाची पानं. मी वर चढून झाडलं. मग दोराला टेकून थोडा वेळ बसले. सावली चांगली आहे तिथे. इतकी वर्षं उगाच उन्हात बसले.

५ मार्च

फोनवर तीन फेऱ्यांच्या लढती बघितल्या. बहिणीच्या मुलीने लावून दिल्या. मी प्रत्येक फेरीचे गुण लिहिले आणि मग पंचांचे ताडून पाहिले. आठ लढतींत मी तीनच बरोबर.

थोंगदीदादा म्हणाले, "वहिनी, तुम्ही पंच असता तर दोन्ही बाजूंनी मार खाल्ला असता."

मी म्हटलं, परत लावा पहिली.

११ मार्च

अकरात सहा.

माझी चूक कुठे होते ते समजलं. मी कोण शांत आहे ते बघते. तिथे कोण काम करतंय ते बघतात. शांत माणूस त्यांना रिकामा दिसतो. आवडलं नाही, पण दिसायला लागलं.

आज वस्तादांची आठवण आली. इतके महिने येत नव्हती असं नाही, पण आज थांबेना. मी फोन बंद केला, तोंड धुतलं, पुन्हा लावला.

१९ मार्च

बारात दहा.

कोपची पहिली लढत झाली. नवीन नावाने जिंकला. तिसऱ्या फेरीत पुढे गेला, ठोसे खाल्ले, पुढे गेला. डाव्या डोळ्याखाली फाटलं. त्याला तसं लढताना बघणं मला जड गेलं. तरी तिन्ही फेऱ्यांचे गुण लिहिले, पंचांशी तंतोतंत जुळले.

२८ मार्च

कोपचा फोन. पुढची लढत ५ एप्रिलला, ज्याच्याशी आहे त्याचं नाव सांगितलं. इकडचं तिकडचं विचारत राहिला, थोंगदीदादांचे गुडघे, कुत्रीची पिल्लं. लढतीचं काही विचारलं नाही. विचारायला संकोचत असावा.

मी म्हटलं, "त्याच्या चार लढती मी बघितल्यात. उजवा ठोसा मारायच्या आधी तो डावा पाय बाहेर टाकतो. दर वेळी. थकला की आणखी बाहेर. तेव्हा तू मागे यायचं नाही, बाजूलाही नाही. आत शिरायचं, गुडघा. दुसऱ्या फेरीच्या दुसऱ्या मिनिटानंतर तो पाय परत आत घेत नाही."

 मग तो म्हणाला, "असं वस्ताद म्हणायचे का कधी?"

"नाही," मी म्हटलं. "हे मी पाहिलं."

"थांबा काकी," तो म्हणाला, आणि कोणाला तरी हाक मारली. माणसं जवळ आल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली. "फोनचा आवाज मोठा करतोय. आमचे इथले वस्ताद बसलेत. पुन्हा सांगा."

तो पाय कुठे टाकतो तिथपासून मी पुन्हा सांगितलं.